शेंदून दाखवा

माझ्या बहिणीच्या फिर्यादीवर सरकारनं तीन वर्षं खटला चालवला आणि त्या तीन वर्षांत एकाही माणसानं तिला विचारलं नाही की बाई, पाणी मिळतंय का. हे आधीच सांगून टाकतो. मला ही हकिगत शांतपणे सांगता येत नाही, आणि शांतपणे सांगावी अशी ती आहे असं मला वाटतही नाही.

आमचं गाव देवणीच्या अंगाला, कर्नाटकाला लागून. बहीण पंचफुला माझ्यापेक्षा बरीच मोठी. तिला गावातच दिलं, म्हणून ती गावात राहिली आणि मी शिकून नांदेडला टेलिफोन खात्यात चिकटलो. तिला आम्ही आक्का म्हणतो. दाजी, म्हणजे व्यंकटी, रोजगार हमीच्या कामावर खडी फोडायचे. कमी बोलणारे. आक्का त्यांच्या वाटणीचंही बोलायची.

लातूर जिल्हा झाल्यानंतरचा तो पहिला उन्हाळा. जिल्हा नवा झाला म्हणून गावात पेढे वाटले होते, पण पाऊस बहुतेक जुन्या जिल्ह्यातच राहून गेला. आमच्या वस्तीच्या बाया नाल्यात झिरा खणून वाटीवाटीनं पाणी भरायच्या. झिरा आटला तेव्हा गावात भरलेली अशी एकच विहीर उरली, चंद्रप्पाची. चंद्रप्पा शेतकरी, देवणीच्या बाजारात भुसाराचं दुकानही होतं त्याचं. तहसीलदारानं ती विहीर दुष्काळापुरती ताब्यात घेतली आणि तलाठ्यानं रहाटाशेजारच्या खांबाला पाटी ठोकली.

पाटी लागली तरी रीत बदलली नाही. आमच्या बायांनी विहिरीच्या ओट्याखाली घागरी मांडायच्या आणि चंद्रप्पाच्या म्हाताऱ्या आईनं, सिद्धम्मानं, पाणी शेंदून वरून ओतायचं. म्हातारी हात आखडून ओतत नव्हती, हे खरंच आहे. लेकरं कशी आहेत, खोकला राहिला का, असं सगळं विचारायची. पण ओट्यावर पाय ठेवू द्यायची नाही.

बुद्धपौर्णिमेला मी गावी गेलो. आक्कानं भाकरीही खाऊ दिली नाही, हाताला धरून विहिरीवर नेलं.

"तू नोकरीवाला हाईस. ह्ये काय लिवलंय त्ये मोठ्यानं वाच."

मी वाचलं. सदर विहीर पिण्याच्या पाण्यासाठी शासनाने ताब्यात घेतली असून गावातील सर्व नागरिकांस तिचा वापर करण्याची मुभा आहे.

"सर्व म्हंजे आमीबी?"

"हाव, तूबी."

"मग सिद्धम्मा कशाला घालती? माझे हात काय मोडलेत?"

दुसऱ्या दिवशी सकाळी ती स्वतःचा पोहरा आणि दोर घेऊन ओट्यावर चढली. सिद्धम्मा घाबरली. "पंचफुला, मी देतेय की गं. भरून देते. हात कशाला लावायलीस?"

"तुम्ही दमता, अव्वा," आक्का म्हणाली आणि पोहरा सोडला.

तो पाण्याला लागायच्या आत चंद्रप्पा धावत आला. दोर हिसकावला, आक्काची घागर ओट्यावरून खाली भिरकावली. "हीर माझ्या आज्यानं खांदली. सरकारनं पाणी घेतलंय, हीर न्हाई घेतली. उतर खाली."

आक्का उतरली. चेमटलेली घागर उचलून माझ्याकडं बघितलं आणि म्हणाली, "चल ठाण्याला."

ठाण्यातल्या फौजदारानं नेहमीचं सांगितलं, गावातली गोष्ट आहे, मिटवून घ्या. मी नागरी हक्क संरक्षण कायद्याचं नाव घेतलं. सार्वजनिक विहिरीवर पाणी भरायला अस्पृश्य म्हणून कुणाला अडवलं तर शिक्षा आहे, आणि सरकारनं ताब्यात घेतली तोवर ही विहीर सार्वजनिकच आहे. एवढं मला युनियनच्या एका मित्रानं पढवलेलं होतं. फौजदारानं माझ्याकडं वरपासून खालपर्यंत बघितलं आणि फिर्याद लिहून घेतली. आक्कानं अंगठा दिला. पंचनाम्याला येतो म्हणाला, आणि बरेच दिवस आलाच नाही. तेवढे दिवस सिद्धम्माच ओतत राहिली. काय करणार, लेकरांना पाणी तर लागतंच.

तो येणार असा निरोप आला तेव्हा मी पुन्हा रजा काढून गेलो. सगळी वस्ती विहिरीवर लोटली होती. फौजदारानं गावातले दोन पंच उभे केले, ओटा मोजला, पाटीवरचा मजकूर उतरवून घेतला आणि मग आक्काला म्हणाला, "बाई, कुठं उभ्या होता, कसं पाणी घेत होता, शेंदून दाखवा."

आता ही गोष्ट कुणाला समजवायची? आमच्या लोकांना भरल्या विहिरीवर उभं करून, पोलिसासमोर, गावासमोर, शेंदून दाखवा म्हणायचं. आमच्या घराघरांत बाबासाहेबांचा फोटो. महाडच्या तळ्याची गोष्ट आम्ही दुधाबरोबर प्यालेलो. ओंजळभर पाणी सगळ्यांदेखत उचललं की लढाई जिंकली, एवढंच आम्हाला माहीत. कुणीतरी बायांना सांगून आलं, तशा त्या पांढरी लुगडी नेसून आल्या. भामाबाईनं त्रिशरण म्हटलं, सगळ्यांनी मागून म्हटलं. आक्का ओट्यावर चढली. चंद्रप्पा हाताची घडी घालून बाजूला उभा होता. "घ्या की, कोण अडवायलंय?" म्हणाला.

आक्कानं पोहरा सोडला, भरून वर ओढला आणि पहिली ओंजळ स्वतः प्यायली. मग लेकरं, मग बाया. जय भीमचा असा गजर झाला की रहाटावरचे कावळे उडाले. माझ्या डोळ्याला पाणी आलं. दाजी चेहरा फिरवून उभे होते, म्हणजे त्यांच्याही.

फौजदारानं लिहिलेलं भराभर वाचून दाखवलं. फिर्यादीने आमच्यासमक्ष सदर विहिरीतून स्वहस्ते पाणी शेंदले, त्या वेळी कोणीही अडथळा केला नाही. कोणीही अडथळा केला नाही, हे वाक्य ऐकून आम्ही टाळ्या वाजवल्या. आज ते आठवलं की डोकं भिंतीवर आपटून घ्यावंसं वाटतं. आक्कानं अंगठा दिला, पंचांनी सह्या केल्या.

फौजदाराच्या मोटारसायकलीचा धुरळा खाली बसायच्या आत चंद्रप्पानं दोर गुंडाळला. "झाला न्हवं पंचनामा? आता घागरी खाली मांडा." आणि मृग लागेपर्यंत सिद्धम्मा वरून ओतत राहिली. मृगात पाऊस झाला, तलाठ्यानं पाटी काढून नेली, विहीर पुन्हा चंद्रप्पाची झाली.

खटला मात्र चालू राहिला, म्हणजे तारखा चालू राहिल्या. मी नांदेडहून एसटीनं यायचो, आक्का आणि दाजी गावाहून पायी सडकेला येऊन टपावरही माणसं बसलेल्या जीपमध्ये कोंबून घ्यायचे, आणि आम्ही तिघं तालुक्याच्या कोर्टाच्या पायरीवर दिवसभर बसायचो. पट्टेवाला हाक मारायचा, आम्ही आत जायचो, पुढची तारीख घेऊन बाहेर यायचो. एकदा साहेब रजेवर. एकदा आरोपीचे वकील लग्नाला. एकदा कागदच नाहीत. जुन्या जिल्ह्यातून आलेच नाहीत म्हणे. मी जुन्या जिल्ह्याला चौकशी केली, ते म्हणाले नव्याला पाठवले. लातूरला गेलो. तिथं तेव्हा एकेक कचेरी भाड्याच्या इमारतीत, कुठं डाळमिलच्या मागं, कुठं कुणाच्या घराच्या माडीवर. माडीवरचा बाबू म्हणाला, "आमची कपाटंच अजून आली नाहीत, तुमचे कागद कुठून येतील?" जिल्हा झाल्याचे पेढे मीही खाल्ले होते, त्यामुळे त्याला काय बोलणार.

सरकारी वकील तर बदलतच राहिले. प्रत्येकाला पहिल्यापासून सांगायचं. एकाला मी म्हणालो, साहेब, आमच्या बाजूनं अमुक विचारा. तो म्हणाला, "तुमची बाजू कुठली? केस सरकारची आहे. तुमची बाई साक्षीदार." आक्काला हे फार लागलं. घरी येताना ती जीपमध्ये पुन्हा पुन्हा तेच बोलत होती. "घागर माझी चेमटली, तहान माझी, अन् केस सरकारची?"

त्याच काळात ती पुतणीकडून सही करायला शिकली. माझा अंगठा आता कुणाला देणार न्हाई, म्हणायची.

तिसऱ्या वर्षी साक्ष निघाली. आरोपीचे वकील गुरुबसप्पा. गोड माणूस, आक्काला ताई म्हणूनच बोलायचे.

"ताई, जात काय आपली?"

"बौद्ध."

"बौद्ध धर्मात जातपात मानतात?"

"न्हाई. म्हणून तर झालोत."

"म्हणजे तुम्हाला जात नाही."

"न्हाई."

"मग जातीवरून अडवलं म्हणता, ते कसं काय?"

कोर्टात हशा झाला. आक्का हसणं थांबेपर्यंत थांबली. "मला न्हाई, साहेब. त्यांस्नी हाय."

मॅजिस्ट्रेट साहेब लिहून घेत होते, ते थांबले. "बाई, विचारलं तेवढंच सांगा. तुम्हाला जात आहे की नाही?"

"न्हाई."

तेवढंच लिहिलं गेलं. बाहेर आल्यावर सरकारी वकील माझ्यावर उखडले. जुनी जात सांगितली असती तर कायद्यानं आपोआप धरलं असतं की अस्पृश्य म्हणूनच अडवलं, सिद्ध करायची गरज नव्हती. पण अनुसूचित जातींच्या यादीत तेव्हा बौद्ध नव्हते. "तिला आधी समजावून ठेवायचं ना," ते म्हणाले. काय समजावणार होतो? आमच्या बापानं नागपूरला जाऊन दीक्षा घेतली ती कोर्टात आल्यावर उतरवून ठेवायला?

दुपारनंतर गुरुबसप्पांनी पंचनामा पुढं केला.

"हा अंगठा तुमचा?"

"हाव."

"तुम्ही त्या दिवशी स्वतःच्या हातानं पाणी शेंदलं?"

"हाव."

"कुणी अडवलं?"

"तवा न्हाई. पर त्याच्या आदी, अन् मागून—"

"बस, ताई. दमला असाल."

निकाल हिवाळ्यात लागला. संशयाचा फायदा देऊन आरोपी निर्दोष. फिर्यादी स्वतः पाणी घेताना पंचांनी पाहिली, हे त्यात दोनदा होतं. चंद्रप्पानं कोर्टाच्या आवारात पेढे वाटले आणि आक्कापुढंही खोका धरला. दाजींनी खोक्याला हात लावून तो बाजूला सारला. तीन वर्षांत त्यांनी केलेली एवढीच हालचाल, पण मला बरं वाटलं.

मी अपिलाचं विचारलं. अपील सरकारनं करायचं, प्रस्ताव वर जाईल, असं उत्तर मिळालं. वर म्हणजे कुठं ते कुणी सांगितलं नाही. मग मी आक्काला लातूरला एका वकिलाकडं घेऊन गेलो. शिवलिंगप्पा त्यांचं नाव. चंद्रप्पाच्याच समाजाचे, म्हणून मी बिचकत होतो, पण माणूस सरळ निघाला. चहा मागवला, सगळे कागद वाचले आणि चष्मा काढून म्हणाले, "औरंगाबादला हायकोर्टात रिट टाकता येतं. राज्यघटनेत अस्पृश्यता बंद आहे, पाणी अडवू देणार नाही असा हुकूम मागता येतो. पण आज हुकूम मागायचा कशावर? विहीर आज सरकारच्या ताब्यात नाही, खाजगी आहे. पुन्हा ताब्यात घेतली आणि पुन्हा अडवलं, तर लगेच या. चांगला पंचनामा घेऊन या."

आक्कानं कपबशी खाली ठेवली. "म्हंजे दुस्काळ पडावा म्हणून बसू?"

शिवलिंगप्पांनी फी घेतली नाही. परतीच्या बसमध्ये आक्का खिडकीतून तुरीची वाळलेली रानं बघत होती. "पडंल," एवढंच म्हणाली.

पडला. त्याच वर्षी. फाल्गुनातच झिरा आटला, आणि चैत्रात तलाठ्यानं तीच पाटी, नवीन रंग देऊन, त्याच खांबाला ठोकली. आक्का त्याच दिवशी ओट्यावर चढली. चंद्रप्पानं या वेळी घागर फेकली नाही, शहाणा झाला होता. नुसता दोर काढून घेतला आणि घरात नेऊन ठेवला. आक्कानं ठाण्यात जाऊन फिर्याद दिली, सही करून. आणि मला नांदेडला फोन आला, देवणीच्या पोस्टातून. "ये. पंचनामा हाय."

नवा फौजदार तरुण होता, तडफेचा वाटत होता. दोन दिवसांत आला. पंच आले, ओटा मोजला. वस्तीतली माणसं जमली होती, पण या वेळी पांढरी लुगडी नव्हती. घागरी रिकाम्या होत्या आणि ऊन असं होतं की उभं राहवत नव्हतं. चंद्रप्पा हाताची घडी घालून बाजूला. त्यानं दोर आणून स्वतःच रहाटावर चढवून ठेवला होता.

"बाई," फौजदार म्हणाला, "शेंदून दाखवा."

आक्का ओट्यावर चढली आणि खाली बसली. पोहरा मांडीवर घेतला.

"न्हाई शेंदत."

"म्हणजे?"

"तुमच्यापुढं न्हाई शेंदत. तुमी गेल्यावर शेंदीन. तवा अडिवतेत. त्ये लिवा."

वस्तीत गलका झाला. भामाबाई ओरडली, "आगं शेंद की, लेकरं वाळायलेत." एकजण म्हणाला, आधी पाणी तरी घे, मग भांड. दाजीसुद्धा पुढं झाले, पण ओट्यापाशी थांबले. माझ्या घशाला कोरड पडली होती, आणि विहिरीत खाली पाणी दिसत होतं, गार. आक्काचे ओठ सुकून पांढरे झालेले. सकाळपासून ती मुद्दाम प्यायली नव्हती.

फौजदार घामानं डबडबला होता. सिद्धम्मा काठी टेकत आली आणि त्याला तांब्या दिला. तो घटाघटा प्यायला, तोंड पुसलं आणि जरा नरमाईनं म्हणाला, "हे बघा, मी मागचे कागद वाचलेत. तुमचं म्हणणं मला समजतं. पण मी पुढं काय घडेल ते लिहू शकत नाही. माझ्यासमोर घडलं तेच लिहिणार."

"मग लिवा. हुकूम हाय, हीर भरलेली हाय, अन् बाई तहानलेली बसलीय."

त्यानं लिहिलं. बराच वेळ लिहिलं. आक्का म्हणाली, "निवृत्ती, तू वाच. त्यांनी वाचलेलं नगं."

मी कागद हातात घेतला. ओटा, खांब, पाटी, रहाट, सगळं नीट होतं. शेवटी होतं: सदर विहिरीवर दोर व रहाट उपलब्ध असूनही फिर्यादीने पाणी घेण्यास स्वतःहून नकार दिला. कोणीही अडथळा केला नाही.

"पुन्यांदा वाच."

मी पुन्हा वाचलं. मला वाटलं आता ती रडेल, आणि मी रडणार हे तर मला कळलंच होतं. शेंदलं तरी अडथळा नाही, नाही शेंदलं तरी अडथळा नाही. मग या बाईनं करायचं तरी काय, हे कोणत्या कायद्यात लिहिलंय?

आक्कानं सही केली नाही. उठली, फौजदाराच्या देखत दोर पोहऱ्याला बांधला आणि विहिरीत सोडला.

चंद्रप्पानं आत्ताच दोनदा ऐकलं होतं की कागदात काय आहे. त्याला धीर आला असावा. नाहीतर नुसती सवय. तो ओट्यावर चढला आणि त्यानं दोर धरला. "ए, उतर खाली. झाला पंचनामा."

"साहेब," आक्का दोर न सोडता म्हणाली, "लिवा की आता."

फौजदारानं चंद्रप्पाच्या हाताकडं बघितलं, दोराकडं बघितलं, हातातल्या पेनाकडं बघितलं. पंचांकडं बघितलं. ते दोघं सह्या करून सडकेला लागले होते.

"पंचनामा पूर्ण झालेला आहे," तो म्हणाला. "तक्रार असेल तर ठाण्यात या." आणि मोटारसायकलीला किक मारली.

दाजी माझ्याआधी ओट्यावर चढले. त्यांनी आक्काच्या मागं दोर धरला, मग मी धरला, मग भामाबाई, मग कोण कोण. ओट्यावर पाय ठेवायला जागा उरली नाही. चंद्रप्पा एकटा किती ओढणार? त्यानं दोर सोडला आणि उतरून घराकडं गेला, जाताना म्हणत होता की बघतो एकेकाला. बघेलही. आमच्यातले निम्मे त्याच्याच रानात मजुरीला जातात.

पोहरा वर आला. आक्कानं आधी लेकरांना दिलं, मग स्वतः ओंजळीनं प्यायली, आणि तोंड न पुसता तिथंच बसली.

"कागद काढ," मला म्हणाली. "नवी फिर्याद लिव."

मी खिशातून कागद काढला, मांडीवर ठेवला. नाव, नवऱ्याचं नाव, गाव लिहिलं. पुढं थांबलो. यादीत आपण नाही, हे दोघांनाही माहीत होतं.

"आक्का, जात?"

"बौद्धच लिव."

मी लिहिलं, आणि तिनं कागद ओढून घेऊन खाली सही केली.